ओले एविनरूड : आइस्क्रीमच्या पुढची गोष्ट

मागच्या वर्षी आपल्या मंडळाच्या वक्तृत्व स्पर्धेत मी एका आइस्क्रीमची गोष्ट सांगितली होती, तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं एक तळं, रणरणतं ऊन, प्रेमात पडलेला एक तरुण आणि आइस्क्रीम खावंसं वाटणारी त्याची मैत्रीण. तो वल्ही मारत किनाऱ्यावर जातो, आइस्क्रीम घेऊन परत येतो, तोपर्यंत त्याचं पाणी झालेलं असतं. मग त्याच्या डोक्यात विचार येतो, होडीला मागून इंजिन लावलं तर? आणि जगाला आउटबोर्ड मोटर मिळते. टाळ्या पडल्या, दुसरा नंबर आला. बक्षिसाचं पुस्तक अजून माझ्या टेबलावर आहे आणि हल्ली त्याच्याकडे बघितलं की मला थोडं ओशाळल्यासारखं होतं.

गोष्ट खोटी नव्हती. पण मी ती जिथे संपवली, तिथे खरं तर काहीच झालेलं नव्हतं. हे मला कळलं यंदाच्या मे महिन्यात, मामाच्या अंगणात.

माझं आजोळ वेंगुर्ल्याच्या बाजूला. बेळगावहून आंबोलीचा घाट उतरलो की हवेला जो खारट वास येऊ लागतो, तिथून माझी सुट्टी सुरू होते. मामाकडे एक लहान होडी आहे आणि तिच्या मागच्या फळीला अडकवायचं एक जुनं इंजिन. इतकं जुनं, की त्याच्यावरचं कंपनीचं नाव माझ्या जन्माआधीच पुसलं गेलंय. यंदा ते चालूच होईना. मामा दोरी ओढून ओढून घामाघूम झाला. शेवटी त्याने ते होडीवरून काढून अंगणात आणलं, एका जाड फळीला बांधलं आणि पेट्रोलचा कॅन आधी लांब, पडवीच्या पलीकडे ठेवायला लावला. मग प्लग काढला, वायर परत त्याच्या डोक्यावर चढवली, प्लगचा धातूचा भाग इंजिनाला टेकवून धरला आणि मला दोरी ओढायला सांगितली. प्लगच्या टोकाला बारीक, पिवळट, मरतुकडी ठिणगी दिसली. मामाच्या म्हणण्याप्रमाणे ठिणगी निळी आणि कडकडीत हवी, आवाज ऐकू यायला हवा. आधी करंट बघायचा, मग पेट्रोल, मग बाकीचं, असा त्याचा क्रम. प्लग बदलला. तरी तेच. म्हणजे रोग आत होता.

त्या तीन दिवसांत संध्याकाळी मी मोबाइलवर वाचत बसायचे, की हे असलं यंत्र पहिल्यांदा कुणी आणि कसं चालू केलं. तेव्हा माझी आइस्क्रीमची गोष्ट हळूहळू उसवत गेली.

ओले एविनरूडचा जन्म १९ एप्रिल १८७७ चा, नॉर्वेमध्ये, योविक गावाजवळचा. एविनरूड हे अडनाव मूळचं एका शेताचं नाव. आपल्याकडे गावावरून अडनावं पडतात तसंच. (आमच्यासारख्यांची पोर्तुगीज पाद्रींनी दिलेली, तो भाग वेगळा.) वडील आधी अमेरिकेला गेले आणि मग आई मुलांना घेऊन निघाली. ओले तेव्हा पाचेक वर्षांचा. असं सांगतात की जहाजावर हा मुलगा सारखा गायब व्हायचा आणि दर वेळी सापडायचा तो खाली, इंजिनाच्या खोलीत. कुटुंब विस्कॉन्सिनमध्ये केंब्रिज नावाच्या गावाजवळ, रिप्ली तळ्याच्या काठी, शेती करायला स्थायिक झालं. भावंडं अकरा, त्यात हा थोरला. थोरल्या मुलाचं शिक्षण लवकर सुटतं हे तिकडेही इकडच्यासारखंच. प्राथमिक शाळेच्या पुढे तो गेला नाही.

वडिलांना त्याने शेतकरी व्हायला हवं होतं. पोराला होड्यांचं वेड. त्याने लपूनछपून एक होडी बांधायला घेतली, ती वडिलांच्या हाती लागली आणि चुलीत गेली, अशी हकिकत त्याच्या चरित्रांतून येते. त्याने दुसरी बांधली, या वेळी जास्त नीट लपवून. ती तळ्यात उतरली, आणि तो लोकांना पंचवीस सेंट घेऊन फेरफटका मारून आणू लागला. पैसे दिसल्यावर वडील गप्प झाले असावेत. हा माझा अंदाज, पण आमच्याकडे तरी असंच होतं.

सोळाव्या वर्षी तो मॅडिसनला गेला आणि शेतीची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात लागला. दिवसा काम, रात्री यंत्रशास्त्राची पुस्तकं. पुढे पिट्सबर्ग, शिकागो, मिलवॉकी असा फिरत फिरत तो पॅटर्नमेकर झाला. पॅटर्नमेकर म्हणजे ओतकामासाठी लागणारा लाकडी नमुना करणारा कारागीर. धातूचा कुठलाही भाग ओतायचा तर आधी तो कुणीतरी लाकडात तंतोतंत करावा लागतो. थंड झाल्यावर धातू किती आकसेल, याचा हिशेब त्या लाकडात आधीच धरावा लागतो. ही माहिती मला आइस्क्रीमपेक्षा मोठी वाटते. कारण पुढे ज्या यंत्राने त्याचं नाव झालं, त्याचे बहुतेक भाग त्याने असेच स्वतःच्या हाताने आधी लाकडात पाहिले होते.

मोटारगाड्या तेव्हा नुकत्याच येत होत्या. ओलेला गाड्यांसाठी इंजिनं बनवायची होती. तो राहायचा तिथेच इंजिन चालवून बघायचा, त्यामुळे घरमालकिणीने त्याला बाहेर काढलं असंही सांगतात. १९०० मध्ये त्याने एकाबरोबर भागीदारी केली. ती मोडली. पुढेही भागीदाऱ्या झाल्या आणि मोडल्या. माणूस धिप्पाड, अबोल, हाताने सोनं करणारा, पण समोरच्याला दोन वाक्यांत पटवून सांगणं हे त्याचं काम नव्हतं. पत्रांची उत्तरं राहून जायची आणि हिशेब तर त्याहून.

इथे बेस केरी येते. माझ्या वक्तृत्वातल्या गोष्टीत ती फक्त आइस्क्रीम मागत होती.

बेस त्याच्या शेजारपाजारचीच मुलगी. ती व्यापारी शिक्षण घेत होती, म्हणजे टायपिंग, पत्रव्यवहार, हिशेब. ओलेच्या टेबलावरचा पसारा बघून तिने त्याची पत्रं लिहून द्यायला सुरुवात केली. म्हणजे ओळख झाली ती पत्रांवरून, आइस्क्रीम नंतरचं.

तर १९०६ चा ऑगस्ट. ओकॉची तळ्यावर मित्रमंडळींची सहल. किनारा दोन-अडीच मैलांवर. बेसला आइस्क्रीम हवंसं वाटलं, ओले गेला, वल्हवत आला, आइस्क्रीम वितळलं. इथपर्यंत मी सांगितलं ते ठीक होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दोघांचं लग्न झालं आणि पुढच्या वर्षी राल्फ हा मुलगा झाला. पण इंजिन पाण्यात उतरलं ते १९०९ मध्ये. ही मधली तीन वर्षं माझ्या भाषणातून मी सरळ उडवली होती.

आणखी एक गोष्ट मी उडवली होती, तीही जास्त गैरसोयीची. होडीच्या मागे अडकवायचं इंजिन बनवणारा ओले पहिला नव्हताच. कॅमेरॉन वॉटरमन नावाच्या कायद्याच्या विद्यार्थ्याने त्याच्या आधी, १९०५ मध्येच, असं इंजिन डेट्रॉइट नदीवर चालवून पाहिलं होतं, आणि ओलेचं यंत्र तयार होण्याआधी ते बाजारातही आलं होतं. म्हणजे कल्पना वितळलेल्या आइस्क्रीममधून पहिल्यांदा उगवली, हे साफ चूक. मग वॉटरमनचं नाव मागे का पडलं आणि ओलेचं का राहिलं? हा प्रश्न मला त्या तीन संध्याकाळी फार छळत होता.

एक उत्तर यंत्राच्या रचनेत आहे. ओलेने सिलिंडर आडवा टाकला, क्रँकशाफ्ट उभा केला, फ्लायव्हील वरती, चाकाच्या झाकणासारखं आडवं, आणि खाली पाण्यात गिअर लावून पंख्याला दिशा दिली. ही मांडणी इतकी सरळ होती की आजच्या आउटबोर्डचा सांगाडाही तोच आहे. मामाचं इंजिन उघडून बघितलं तेव्हा मला हेच दिसलं. वर जड चाक, मधून उभा दांडा, खाली पंखा.

दीड अश्वशक्ती, वजन ६२ पौंड म्हणजे साधारण २८ किलो, किंमत ६२ डॉलर. बेसने पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा तिला ते कॉफी दळायच्या यंत्रासारखं दिसलं आणि तिने तसं तोंडावर सांगितलंसुद्धा. भाड्याच्या होडीवर मिलवॉकीतल्या किनिकिनिक नदीत चाचणी झाली. ओले खूश नव्हता. त्याने ते परत सुधारलं. मग एक मित्र ते पेवॉकी तळ्यावर घेऊन गेला आणि परत आला तो दहा मोटरींच्या ऑर्डरी आणि रोख पैसे घेऊन. पहिल्या पंचवीस मोटरी ओलेने हाताने बनवल्या.

आता ठिणगीबद्दल बोलायला हवं. पेट्रोलवर चालणाऱ्या कुठल्याही इंजिनात हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबलं जातं आणि ऐन वेळी त्याला ठिणगी लागते. ऐन वेळी हा शब्द इथे अलंकार नाही. थोडी आधी लागली तर चाक उलटं झटका मारतं. उशिरा लागली तर ताकद वाया जाते. रस्त्यावरच्या गाडीत हे जमवणं त्या काळी कठीणच होतं, आणि होडीत तर भोवती पाणीच पाणी. सुरुवातीच्या एविनरूड मोटरींना करंट मिळायचा तो ड्राय सेल आणि कॉइलमधून. बॅटऱ्यांचा डबा होडीत वेगळा ठेवायचा आणि तिथून वायर इंजिनापर्यंत न्यायची. डबा भिजला, वायर सैल झाली, सेल उतरले, की माणूस तळ्याच्या मध्यभागी. आणि चालू करायला दोरी नव्हे, फ्लायव्हीलच्या कडेला एक मूठ होती. ती धरून चाक हाताने गरकन फिरवायचं आणि झटकन हात काढायचा. ठिणगी अवेळी लागली तर ती मूठ बोटांवर येणार.

पुढच्या काही वर्षांत मॅग्नेटो आला. फ्लायव्हीलमध्येच लोहचुंबक बसवायचे, खाली तांब्याच्या बारीक तारेची कॉइल. चाक फिरलं की चुंबक कॉइलवरून जातो आणि तारेत करंट तयार होतो. दोन लहान धातूचे तुकडे एकमेकांना टेकलेले असतात, आपल्याकडचे मेकॅनिक ज्यांना सीबी पॉइंट म्हणतात ते. चाकाबरोबर फिरणारा कॅम नेमक्या क्षणी त्यांना अलग करतो, करंट तुटतो, आणि त्या तुटण्यामुळेच कॉइलच्या दुसऱ्या, हजारो वेढ्यांच्या तारेत हजारो व्होल्टचा झटका उठून प्लगच्या टोकांमधली फट ओलांडतो. बॅटरी नको, डबा नको. मला हे वाचताना गंमत वाटली, की ठिणगी पडते ती जोडल्यामुळे नाही, तोडल्यामुळे.

मामाने दुसऱ्या दिवशी पुलर लावून फ्लायव्हील काढलं तेव्हा हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. पॉइंटवर खाऱ्या हवेचा पांढुरका थर आणि एका बाजूला काळा, जळल्यासारखा डाग. त्याने बारीक पॉलिश पेपर फिरवला, मग कोऱ्या पुठ्ठ्याचा तुकडा मधून ओढून भुकटी काढली. दोन्ही पॉइंट पूर्ण उघडे असताना मधली फट साधारण अर्धा मिलिमीटर हवी. मामाने ती गेजने मोजली. सगळं परत बसवलं, दोरी ओढली. ठिणगी थोडी बरी, पण अजून पिवळीच. मामा काही न बोलता जेवायला गेला.

ओलेकडे परत येते. यंत्र तयार होतं, पण त्याची गरज आहे हे कुणाला माहीत नव्हतं. लोक पिढ्यान्‌पिढ्या वल्हवत होते आणि त्यांना त्यात काही चुकतंय असं वाटत नव्हतं. ही अडचण पाना-हातोड्याने सुटणारी नव्हती. बेसने जाहिरात लिहिली. तिचा मथितार्थ असा, की आता वल्हवायची गरजच संपली. साधी, आज्ञार्थी, चार-दोन शब्दांची वाक्यं. साहित्याची विद्यार्थिनी म्हणून सांगते, त्या जाहिरातीत विशेषण जवळजवळ नाहीच. आधी मिलवॉकीतल्या वर्तमानपत्रात, मग देशभर. पत्रांचा पूर आला. घरात लहान मूल, दिवसा कचेरी, रात्री उत्तरं. परदेशी निर्यातदारांनाही तिने लिहिलं आणि न्यूयॉर्कमधल्या ओलुफ मिकेलसेन या व्यापाऱ्याने स्कँडिनेव्हियातल्या मच्छीमारांसाठी मोटरी मागवल्या. म्हणजे नॉर्वेहून निघालेल्या मुलाचं यंत्र परत त्या समुद्राकडे गेलं, तेही सहलीसाठी नव्हे, पोटापाण्यासाठी.

वॉटरमनचं काय झालं, याचं दुसरं उत्तर मला इथे मिळालं. ओलेकडे बेस होती. कुणाला हे भाबडं वाटेल, पण कंपनीचा कागदोपत्री इतिहास बघितला तरी विक्री, जाहिरात, पत्रव्यवहार, पैसा हे सगळं तिच्या बाजूला पडतं. आपण चरित्र लिहितो तेव्हा हात तेवढे दिसतात, वही दिसत नाही.

पैशाची चणचण होतीच. क्रिस मेयर नावाचा टगबोटींचा व्यावसायिक पैसे घालून अर्धा भागीदार झाला. १९११ मध्ये ओलेला पेटंट मिळालं. कारखाना वाढला, मोटरी हजारोंनी जाऊ लागल्या. आणि बेस आजारी पडली. इतकी वर्षं दोन्हीकडे जळणारी ती वात. तब्येत पार ढासळली.

१९१४ मध्ये ओलेने आपला हिस्सा मेयरला विकून टाकला. ज्या कंपनीवर स्वतःचं नाव होतं ती कंपनी, आणि वर अट अशी की पुढची पाच वर्षं या धंद्यात पाऊल ठेवायचं नाही. तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता आणि मोटर नुकती कुठे जगात पोचत होती. मी हा भाग दोनदा वाचला. आइस्क्रीम आणायला पाच मैल वल्हवणं सोपं असतं हो, चोविशी-पंचविशीत कुणीही वल्हवेल. (ओले एकोणतीस वर्षांचा होता, पण मुद्दा तोच.) सगळं ऐन भरात असताना हात काढून घेणं, तेही बायकोला विश्रांती मिळावी म्हणून, हे मला जास्त अवघड वाटतं. माझ्या भाषणात हे एका वाक्यातही नव्हतं. ही गोष्ट माहीत असती तर मी आइस्क्रीमवर थांबले असते का, कुणास ठाऊक. टाळ्या तिथेच जास्त पडतात.

पुढची वर्षं ती दोघं राल्फला घेऊन गाडीने आणि बोटीने देशभर फिरत राहिली. बेस बरी झाली. पण ओलेचे हात स्वस्थ बसणारे नव्हते. मुदत संपेपर्यंत त्याच्या मनात नवी मोटर तयार होती. अ‍ॅल्युमिनियमचा भरपूर वापर, समोरासमोर दोन सिलिंडर, ताकद जुनीच्या दुप्पट म्हणजे तीन अश्वशक्ती आणि वजन ४८ पौंड, जेमतेम २२ किलो. जुन्या मोटरीत एकच पिस्टन धडधडायचा, त्यामुळे होडी दातांसारखी खडखडायची. इथे दोन पिस्टन एकाच वेळी विरुद्ध दिशांना जायचे आणि एकमेकांचा धक्का मारायचे.

ओले ती घेऊन आधी मेयरकडेच गेला, जुन्या कंपनीत. मेयरने नको म्हटलं. मग नवरा-बायकोने परत शून्यापासून सुरुवात केली. एविनरूड हे नाव वापरायची सोय नव्हती, ते विकलेलं. बेसने इंग्रजीतल्या एविनरूड, लाइट, ट्विन, आउटबोर्ड या चार शब्दांची पहिली अक्षरं घेऊन नाव जुळवलं, एल्टो. त्यात तिचं स्वतःचं अक्षर कुठे नाही, पण नाव तिचंच. १९२१ पासून एल्टो मोटरी बाजारात आल्या आणि बेस परत टेबलामागे बसली.

एल्टोमध्ये मला सगळ्यात चकित केलं ते इग्निशनने. तोपर्यंत मॅग्नेटो रुळला होता. बॅटरीचा डबा म्हणजे जुनी कटकट असंच कुणीही म्हटलं असतं. आणि ओले मुद्दाम परत बॅटरीकडे गेला! कारण साधं आहे, पण ते कळायला मला मामाची दोरी ओढावी लागली. मॅग्नेटोचा करंट चाकाच्या वेगावर अवलंबून असतो. चाक हळू फिरलं तर ठिणगी अशक्त. म्हणजे ज्याच्या दंडात जोर, त्याचं इंजिन चालू होणार. मी ओढली तेव्हा ठिणगी मामाच्या वेळेपेक्षाही फिकट होती, हे मी बघितलंय. बॅटरीला याची पर्वा नसते. चाक कितीही हळू फिरवा, पॉइंट उघडले की ठिणगी तेवढीच कडक. म्हणून एल्टोचं चाक पूर्ण फिरवायचीसुद्धा गरज नव्हती, एक छोटासा झटका पुरायचा. म्हातारा माणूस, नाजूक तब्येतीची बाई, शाळकरी मुलगा, कुणीही. बॅटरी उतरायची भीती त्याने पत्करली आणि मनगटाची अट काढून टाकली.

त्याने हे बेससाठी केलं असं लिहायचा मला मोह होतो आहे. पण तसं कुठे नोंदलेलं माझ्या वाचनात नाही, आणि एकदा गोष्ट रंगवून माझं झालंय, म्हणून लिहीत नाही. एवढंच खरं, की आजारपणातून उठलेली बायको शेजारी असताना त्याने हे यंत्र बनवलं.

१९२२ मध्ये जॉन्सन बंधूंची मोटर आली, आणखी हलकी आणि मॅग्नेटोवर चालणारी. स्पर्धा जोरात सुरू झाली. एल्टोने १९२८ मध्ये चार सिलिंडरची मोटरही काढली. त्याच वर्षी बेसने कामातून अंग काढून घेतलं, तब्येत परत साथ देईना. १९२९ मध्ये स्टीफन ब्रिग्ज यांच्या पुढाकाराने एल्टो, लॉकवूड आणि जुनी एविनरूड अशा तीन कंपन्या एकत्र झाल्या आणि अध्यक्ष झाला ओले. पंधरा वर्षांनी त्याला स्वतःचं नाव परत मिळालं. पाठोपाठ आली ती महामंदी. लोकांना भाकरीची भ्रांत, मोटरबोट कोण घेणार? तशातही १९३० मध्ये त्यांनी बटणावर चालू होणारी मोटर आणली, म्हणजे तो झटकाही नको. पण धंदा मंदावलेलाच राहिला.

मे १९३३ मध्ये बेस गेली. १२ जुलै १९३४ ला मिलवॉकीत ओले गेला, सत्तावन्न वर्षांचा. मधे जेमतेम चौदा महिने. कारभार राल्फकडे आला. दोन वर्षांनी जॉन्सन कंपनीही त्यांच्यातच सामील झाली. एविनरूड हे नाव नंतर अनेक हातांतून फिरलं, आणि २०२० मध्ये, कोविडच्या पहिल्या लाटेत, त्या नावाच्या मोटरी बनणं बंद झालं.

मामाच्या इंजिनाचा रोग तिसऱ्या दिवशी सापडला. कंडेन्सर. सुपारीएवढी एक डबी, पॉइंट उघडताना त्यांच्यामध्येच ठिणगी पडू नये म्हणून बसवलेली. ती गेली की ठिणगी नको तिथे, पॉइंटवर पडते, म्हणून तो काळा डाग. मामाला डाग पहिल्या दिवशीच दिसायला हवा होता असं मामीचं मत पडलं. पार्ट कुठे मिळेल हेही मामीच्याच वहीत होतं. मासळीचा हिशेब, होडीचे कागद, मेकॅनिकचे नंबर, सगळं त्या एका वहीत. तिने दोन फोन केले, गोव्याहून येणाऱ्या एका माणसाबरोबर कंडेन्सर आणि नवे पॉइंट मागवले. रविवारी मिसाहून आल्यावर मामाने ते बसवले. ठिणगी निळी, आवाजासकट. इंजिन तिसऱ्या ओढीला लागलं.

मी तिला बेसची गोष्ट सांगितली, जाहिरातीसकट. तिने ती मन लावून ऐकली. होडीतली वल्ही मात्र तिने मामाला काढू दिली नाहीत.